दुरुस्तीचे काम हलके का मानावे?

आपल्या भागातील कोणत्याही जुन्या उपासनामंदिराच्या, शाळेच्या अथवा दवाखान्याच्या दर्शनी भिंतीकडे पाहावे. तेथे एखादी कोनशिला बसविलेली आढळते. पायाभरणी कोणाच्या हस्ते झाली, उद्घाटनास कोण पाहुणे आले होते, कोणाच्या स्मरणार्थ देणगी मिळाली, हे सर्व तीवर कोरलेले असते. त्यात वाईट काही नाही. परंतु त्याच इमारतीचे छप्पर पुढे पन्नास वर्षे दर मृगाआधी ज्यांनी शाकारून दिले, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातले, विहिरीतला गाळ उपसला, त्यांची नावे कोणत्याही दगडावर नसतात. इमारत आज उभी आहे ती बांधणाऱ्यांमुळे जितकी, तितकीच या दुसऱ्या लोकांमुळे. तरीही बांधणे हे मोठे काम आणि दुरुस्ती हे किरकोळ काम, अशी आपली समजूत असते. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम शब्द पाहू. 'दुरुस्त' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. नीट, बरोबर, धड, असा त्याचा अर्थ. ज्याचे शरीर धड तो तंदुरुस्त. यंत्र चालते करणे आणि माणूस बरा असणे या दोन गोष्टी आपण नकळत एकाच शब्दाने बोलतो. 'निगा' हाही फारसीतलाच. मूळ अर्थ नजर. निगा राखणे म्हणजे नजर ठेवणे. हे आम्हांला फार बोलके वाटते. वस्तू बिघडल्यावर जी करतात ती दुरुस्ती. पण ती बिघडू लागली आहे हे ज्याला आधी दिसते, त्याची ती निगा. पहिल्या कामाला हत्यारे लागतात. दुसऱ्याला हत्यारांच्या आधी सवय लागते, रोज पाहण्याची सवय, आणि हत्यारांपेक्षा ती मिळणे अवघड आहे.

आता एक उदाहरण जरा विस्ताराने घेऊ. ते उदाहरण हापशाचे. आमच्या बहुतेक वाचकांनी लहानपणी हापशाचा दांडा हाणलेला असेल. परंतु या यंत्राच्या घडणीत मराठवाड्याचा, सोलापूरचा आणि मिशनांच्या कामाचा केवढा वाटा आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

१९६० नंतरच्या दशकात देशात लागोपाठ दुष्काळ पडले. दख्खनच्या काळ्या पाषाणात हाताने विहीर खणणे म्हणजे वर्षाचे काम, आणि ती आटली की सारे फुकट. तेव्हा हवेच्या दाबाने चालणारी यंत्रे आणून विंधन विहिरी घेण्यास सुरुवात झाली. सरकार, युनिसेफ, निरनिराळी मिशने, सर्वांनी हे काम हाती घेतले. पाणी लागले की वर बिडाचा पंप बसवावयाचा आणि पुढच्या गावी जावयाचे. हे पंप परदेशातील शेतावरच्या, घराच्या अंगणातल्या पंपांच्या नमुन्यावर ओतलेले होते. तेथे एक कुटुंब दिवसातून काही बादल्या पाणी काढी. येथे पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत रांग. दांड्याच्या खिळीची भोके घासून मोठी झाली, दांडा डगमगू लागला, बीड तडकले, आत पाणी उचलणारे चामड्याचे वायसर झिजले. १९७४ च्या सुमारास पाहणी झाली, तेव्हा चारांपैकी सुमारे तीन हापसे बंद असल्याचे आढळले.

या गोष्टीचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. जमिनीत पाणी होते. भोक पाडून झाले होते, पैसे खर्च झाले होते, अहवालात गावाचे नाव पाणी मिळालेल्या गावांत गेले होते. आणि गावातल्या बाया पुन्हा घागरी घेऊन नदीच्या पात्रातले झरे उकरावयास निघाल्या होत्या. अहवाल खोटा नव्हता. 'किती बोअर घेतले' या प्रश्नाचे उत्तर त्यात होते. 'आज किती ठिकाणी पाणी येते' हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. आमच्या मते येथे केवळ तांत्रिक चूक नव्हती. जे आपल्या हातून सुरू झाले ते आपले, आणि जे पुढे चालू ठेवावयाचे ते दुसऱ्या कोणाचे तरी, अशी ती वाटणी होती. आणि ती दुसरी व्यक्ती कोण, हे कोणीच ठरविले नव्हते.

यावर उपाय निघाला तो खोदणाऱ्यांपैकीच काहींनी मागे वळून पाहिले म्हणून. स्कॉटलंडच्या चर्चच्या जालना येथील मिशनने आपल्याच बोअरवरचे पंप पुनःपुन्हा मोडताना पाहिले. एकसारखे तेच सुटे भाग बदलण्याऐवजी त्यांनी बिडाचा माथा टाकून पोलादी माथा केला आणि अनेक सांध्यांच्या जागी एकच सांधा ठेवला. हा जालना पंप. त्यापाठोपाठ जालवाड पंप आला, आणि मग सोलापूरला आणखी सुधारणा होऊन सोलापूर पंप तयार झाला. त्यात दांड्याच्या टोकाला साखळी होती, त्यामुळे आतली सळई सरळ वर ओढली जाई आणि बाजूला घासत नसे. हाच सोलापूर पंप पुढे धरून युनिसेफने व सरकारने मद्रासच्या कारखान्याच्या साहाय्याने १९७७ च्या सुमारास 'इंडिया मार्क दोन' हा हापसा सिद्ध केला. १९७९ मध्ये त्याचे भारतीय मानक निघाले. पुढे तो लाखांनी बसला, आफ्रिकेतील देशांतही गेला. ज्या हिरव्या-निळ्या हापशावर आपण पाणी भरले तो बहुधा हाच.

येथे गोष्ट संपली असती तर ती चांगल्या शोधाची गोष्ट झाली असती. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट येथून पुढे आहे. मार्क दोन क्वचित बिघडे, परंतु बिघडला की गावाच्या हाती काही नसे. वायसर बदलावयाचा म्हणजे साऱ्या लोखंडी नळ्या, एकेक तीन मीटरची, सळयांसकट वर काढावयाच्या. त्याला खास चिमटे हवेत, चारपाच माणसे हवीत, पुष्कळदा मोटार हवी. म्हणून तीन पायऱ्यांची व्यवस्था बसविण्यात आली. गावातील एकाने साखळीला ग्रीस लावावे, नट आवळावेत आणि पंप बंद पडल्यास पत्र टाकून कळवावे. तालुक्याच्या मिस्त्रीने वरवरचे काम करावे. आणि आतले काम असेल तर जिल्ह्याच्या पथकाने यावे. कागदावर ही व्यवस्था उत्तम दिसे. प्रत्यक्षात पत्र जाई आणि पथक दुसऱ्या टोकाला असे. दीड-दोन रुपयांच्या चामड्याच्या चकतीसाठी दोनशे माणसांचे पाणी आठवडेच्या आठवडे बंद राही.

तेव्हा प्रश्न असा पुढे आला की, हे यंत्र कोणाचे? ज्याच्या दाराशी ते उभे आहे त्याचे, की ज्याला ते उघडता येते त्याचे? १९८० नंतर 'मार्क तीन' तयार करण्यात आला. त्याची नळी इतकी रुंद ठेवली की आतला दट्ट्या आणि खालची झडप नळीतूनच वर ओढून काढता यावी, नळ्या उपटाव्या लागू नयेत. मोठी मोटार नको, पथक नको. थोडी हत्यारे आणि शिकलेली दोन माणसे पुरेत. राजस्थानात तिलोनिया येथील संस्थेने गावचीच पोरे हापसा-मिस्त्री म्हणून तयार केली. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात १९९० नंतरच्या वर्षांत गावातल्या बायकांना हे काम शिकविण्यात आले. त्यांतील अनेक दलित, अनेक निरक्षर. पाणी भरणे हे बाईचे काम, परंतु पाना हाती धरणे पुरुषाचे, ही समजूत तेथे मोडली. आणि जातीचीही एक गोष्ट मोडली. ज्या बाईचा हात पाण्याला लागू नये म्हणून गाव जपत होते, तिलाच बोलावून हापसा उघडून घेण्याची पाळी गावावर आली. आपल्या मंडळ्यांतील ज्येष्ठांना आपल्या आजी-आजोबांच्या पाणवठ्याच्या कहाण्या आठवत असतील, त्यांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

आमचा पहिला मुद्दा यातून निघतो. वस्तू बनविणे आणि तिची निगा राखणे ही दोन वेगळी कामे नाहीत. निगा कोण राखील, कशाने राखील, हे ज्याने बनवतानाच विचारात घेतले नाही त्याने ती अर्धीच बनविली. आजकाल दुरुस्तीच्या हक्काची चर्चा चालते. भ्रमणध्वनी, ट्रॅक्टर, धुलाईयंत्र उघडताच येऊ नये अशा रीतीने चिकटवून, बंद करून विकले जाते, म्हणून युरोपात २०२४ मध्ये त्याविषयी कायदा करण्यात आला आणि आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली. हा प्रश्न नवा वाटतो, पण दुष्काळी गावाला तो फार पूर्वीच कळला होता.

दुसरा मुद्दा जरा तत्त्वज्ञानाचा आहे. ग्रीक लेखक प्लूटार्क याने अथेन्स शहरातील थीसियसच्या जहाजाची हकीकत दिली आहे. लोकांनी ते तीस वल्ह्यांचे जहाज स्मारक म्हणून जपले. फळी कुजली की नवी बसवीत. काही काळाने जुनी फळी उरलीच नसेल, तर ते जहाज तेच म्हणावे काय, यावर पंडित वाद घालीत. आम्हांला हा वाद ऐकला की घरच्या पितळेच्या पातेल्याची आठवण होते. पितळेत ताक ठेवले की ते कळकते, म्हणून आतून कल्हई हवी. कल्हईवाला दारी येई, जमिनीत खळगा करून भाता लावी, पातेले तापवी, नवसागर टाकी. पांढरा धूर उठे आणि कथलाचा एक ठिपका कापसाच्या बोळ्याने फिरवताच सारे भांडे चांदीसारखे उजळे. सहा महिन्यांनी पुन्हा तेच. त्या भांड्यातून जे अन्न आजीने रांधले ते पितळेला लागतच नव्हते, लागत होते ते कथलाला, आणि कथील तर दर खेपेस नवे. मग ते भांडे आजीचे कसे? जात्याचेही तसेच. टाकी लावणारा नेमाने येऊन टाकी लावी तोपर्यंतच ते जाते. नाही तर दोन गुळगुळीत दगड.

पंडितांचा प्रश्न असा असतो की इतके बदलूनही वस्तू तीच कशी राहते. घरातल्या माणसाचा अनुभव उलट आहे. बदलले नसते तर ती राहिलीच नसती. कल्हई थांबली तेव्हा पातेले माळ्यावर गेले आणि पुढे मोडीत निघाले. स्टीलची भांडी आली, कल्हईवाल्यांची मुले दुसऱ्या धंद्यांत गेली. याबद्दल उसासे टाकण्यात आम्हांला अर्थ वाटत नाही. स्टीलच्या भांड्याने आमच्या आयाबहिणींचे श्रम वाचविले हे खरे आहे. आमचे म्हणणे एवढेच की वस्तूचे तेच असणे हा तिच्या धातूचा गुण नव्हे. कोणीतरी तिच्याकडे पुनःपुन्हा परत येते म्हणून ती तीच राहते.

पण सर्वच दुरुस्ती खरी असते काय? येथे आपणांला सावध राहावे लागते. गुजरातेत मोरबी गावी मच्छू नदीवर एकोणिसाव्या शतकातील झुलता पूल होता. दुरुस्तीसाठी तो काही महिने बंद ठेवला आणि २६ ऑक्टोबर २०२२ रोजी पुन्हा खुला केला. चालण्यासाठी नवी ॲल्युमिनियमची तक्तपोशी केली होती, पूल नवा दिसत होता. चार दिवसांनी, ३० ऑक्टोबर रोजी, तो लोकांसकट नदीत कोसळला. १३५ माणसे मेली, त्यांत मुले पुष्कळ. मागाहून चौकशीत दिसून आले की, ज्या मुख्य दोरावर पूल लटकत होता त्यातील ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजून तुटलेल्या होत्या. जे पायाखाली दिसते ते बदलले. ज्यावर सारा भार होता ते जुनेच ठेवले. त्या चार दिवसांत तिकीट काढून पुलावर गेलेल्या माणसाला नवी तक्तपोशी पाहून धीर आला असेल. म्हणूनच असली दुरुस्ती मोडक्या वस्तूपेक्षा अधिक भयंकर आहे. मोडकी वस्तू निदान आपण मोडकी आहे हे सांगते. तडा गेलेल्या भिंतीवर चुना फासणाऱ्याला भिंतीचे तोंड बंद करावयाचे असते.

वडोदऱ्याच्या आमच्या वाचकांना ९ जुलै २०२५ हा दिवस विसरता येणार नाही. मही नदीवरचा गंभीरा पूल सकाळी तुटला आणि गाड्या खाली गेल्या. कमीत कमी वीस माणसे दगावली. पूल १९८५ पासून वापरात होता, म्हणजे पुलाच्या मानाने काही म्हातारा नव्हता. बैल गेला आणि झोपा केला, अशी आपल्याकडे म्हण आहे. दर अपघातानंतर राज्यभरच्या पुलांची तपासणी सुरू होते, तेव्हा ती आठवते.

आणि भोपाळ. २ डिसेंबर १९८४ ची ती रात्र इंदूर-ग्वाल्हेरच्या लोकांना सांगावयास नको. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात विषारी द्रव्याच्या टाकीत पाणी शिरले, हे तात्कालिक कारण. परंतु ती टाकी थंड ठेवणारे यंत्र त्याच वर्षीच्या जून महिन्यापासून बंद होते. निसटलेला वायू जाळून टाकण्यासाठी असलेल्या मनोऱ्याच्या नळीचा गंजलेला तुकडा काढून ठेवला होता आणि नवा बसविलेला नव्हता. वायू धुऊन निर्विष करणारे यंत्र चालू स्थितीत नव्हते. कारखाना तोट्यात होता आणि काटकसर चालली होती. काटकसर करणारा माणूस उत्पादनाला हात लावीत नाही, कारण ते लगेच दिसते. तो निगेला हात लावतो, कारण तिचे न होणे त्या दिवशी, त्या महिन्यात कोणाला दिसत नाही. जी गोष्ट नीट चालते तेव्हा काहीच घडत नाही, तिच्यासाठी पैसे मागणे कठीण असते. हजारो माणसे मेली, आणि जी जगली त्यांपैकी कित्येकांचे श्वास अजून पूर्ण भरत नाहीत.

म्हणून आम्ही म्हणतो की निगा हा सचोटीचा प्रश्न आहे. ती कोणी पाहत नसताना करावयाची असते, आणि तिचे फळ म्हणजे काही न घडणे.

पवित्र शास्त्रात या विषयावर आपल्याला वाटते त्याहून पुष्कळ आहे. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात, १२ व्या अध्यायात, योवाश राजाची हकीकत वाचावी. मंदिराच्या दुरुस्तीसाठी पैसे याजकांकडे येत होते, पण राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत काही काम झाले नव्हते. पैसे कोणी खाल्ले असे तेथे म्हटलेले नाही. ते आले आणि चालू खर्चात गेले, जसे कोणत्याही कमिटीत जातात. तेव्हा यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडले आणि ती वेदीजवळ ठेविली. त्या पैशातून रुप्याची पात्रे व कर्णे केले नाहीत. ते सुतारांना, गवंड्यांना, पाथरवटांना दिले. आणि ज्यांच्या हाती ते दिले त्यांच्याकडे हिशेब मागत नसत, कारण ते प्रामाणिकपणे वागत. आम्हांला या जागी नेहमी हसू येते. हिशेब मागावा लागला तो याजकांकडे. गवंड्यांचे सारे नीट होते.

त्या अध्यायात जो इब्री शब्द आहे, बेदेक, त्याचा अर्थ तडा किंवा फट असा आहे, आणि तेथील क्रियापद आहे 'बळकट करणे'. नहेम्याच्या तिसऱ्या अध्यायात यरुशलेमेचा कोट बांधला तेथेही तेच क्रियापद पुनःपुन्हा येते. हा अध्याय वाचताना उपासनेत सगळे कंटाळतात. नुसती नावांची यादी. पण आरंभी ज्या कोनशिलेविषयी आम्ही बोललो तिच्याशी ही यादी ताडून पाहावी. येथे दुरुस्ती करणाऱ्यांची नावे लिहून ठेवलेली आहेत. सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, एका अधिकाऱ्याच्या मुली आहेत. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग घेतला. तकोवाच्या सरदारांनी कामाला मान वाकविली नाही, हेही नमूद आहे, आणि त्याच तकोवाच्या साध्या लोकांनी पुढे दुसराही एक भाग केला, हेही. आणि उकिरडा वेस! शहराचा केर ज्या दारातून बाहेर जाई ते दार कोणी दुरुस्त केले? एका जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने. त्याने कवाडे बसविली, कड्या आणि अडसर घातले.

आपल्या देशात त्या वेशीचे काम कोणावर टाकले गेले हे आपण जाणतो. चपला शिवणारा, हत्यारांना धार लावणारा, जात्याला टाकी लावणारा, गटार उपसणारा, या सर्वांना आपल्या समाजाने खालची जागा दिली. बांधणाऱ्याला मान, राखणाऱ्याला शिवी. १९९३ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये हाताने मैला उपसण्याविरुद्ध कायदे झाले, तरी गटारात उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. शहराची सगळ्यांत आवश्यक दुरुस्ती जो करतो त्याच्या जिवाची निगा शहर राखीत नाही. 'दुरुस्ती हलकी' ही आपली समजूत कोठून आली, असे आम्ही आरंभी विचारले. ती बरीचशी येथून आली. ज्याच्या हाती ते काम होते त्याला हलका मानले, म्हणून काम हलके झाले.

आता दुसरी बाजू. सर्व काही दुरुस्तच करीत बसावे असे आमचे मत आहे, असे कोणी समजू नये. जालन्याच्या लोकांनी बिडाचा पंप जन्मभर सांधत बसणे नाकारले, म्हणून चांगला पंप निघाला. कुकरची झडप खराब झाली तर तिला दोरा गुंडाळू नये, नवी आणावी. रबर उडालेल्या विजेच्या तारेला चिकटपट्टी लावून शाळेचा पंखा चालवू नये. 'अजून चालतंय की' हे वाक्य आमच्या कानावर आले की आम्हांला भीती वाटते. गरिबाने जुने वापरावे आणि श्रीमंताने त्याच्या काटकसरीचे कौतुक करावे, हाही प्रकार आम्ही पाहिला आहे. पुष्कळ आरोग्यकेंद्रांना देणगीदाखल दुसरीकडची टाकाऊ यंत्रे मिळतात, ज्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. तेथे दुरुस्तीची भाषा बोलणे ही थट्टा आहे.

माणसांच्या बाबतीत तर अधिकच जपून बोलावे. मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत जब्दीचे पुत्र तारवात बसून आपली जाळी नीट करीत होते असे आहे. तेथील ग्रीक शब्द आणि गलतीकरांस पत्रात, सहाव्या अध्यायाच्या आरंभी, चुकलेल्या बंधूला सौम्यतेने सावरण्याविषयी पौलाने वापरलेला शब्द, हे एकच आहेत. जाळे सांधणाऱ्याला बोटे हळू चालवावी लागतात, जोर केला तर शेजारची गाठही उसवते. हे चित्र फार सुंदर आहे, आणि म्हणूनच त्याचा दुरुपयोग होतो. नवऱ्याच्या हातचा मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला 'संसार सांधून घे' म्हणून परत पाठविणारे वडीलधारे आम्ही पाहिले आहेत. तेथे जाळे तिने फाडलेले नसते, आणि सांधण्याचे काम मात्र तिच्या एकटीकडे लावले जाते. ज्याने फाडले त्याला प्रथम हाक मारावी. मोरबीच्या पुलाप्रमाणे वरची तक्तपोशी बदलून आतल्या तुटक्या तारा तशाच ठेवणे, हे घरांतही चालते, मंडळ्यांतही चालते.

मंडळ्यांचा विषय निघालाच आहे तर एका मंडळीचे सांगतो. गावाचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे काही वर्षांपूर्वी मोठी कमान बांधली, देणगीदारांची नावे संगमरवरावर घातली. त्याच वेळी मागच्या खोलीत छपरातून पाणी पडत होते, बाजाच्या पेटीचा भाता फाटला होता आणि विजेच्या जुन्या फळीतून अधूनमधून ठिणगी उडे. दोन वर्षे तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. मग रेल्वेत फिटर म्हणून आयुष्य घालविलेले एक गृहस्थ कमिटीवर आले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे शंभर पानांची एक वही आणली. मंदिरात, शाळेत आणि पाळकांच्या घरी ज्या ज्या वस्तूंना निगा लागते त्या सर्वांची त्यांनी एकेका पानावर नोंद केली: पाण्याची टाकी शेवटी कधी धुतली, कौले कधी चाळली, तारा कोणी तपासल्या, किती खर्च आला, पुन्हा केव्हा पाहावयाचे. ज्या माणसाने काम केले त्याचे नाव ते आवर्जून लिहीत, मग तो नळवाला असो की झाडूवाली. किल्ल्यांचा जुडगा नव्या चिटणिसाकडे जातो तेव्हा ही वहीही जाते.

वार्षिक सभेत हिशेब वाचण्याच्या आधी ती वाचण्याची प्रथा त्यांनी घातली. त्याला सुमारे पंधरा मिनिटे लागतात. काही लोक घड्याळाकडे पाहतात, लहान मुले चुळबुळ करतात. गेल्या खेपेस मात्र वाचन चालू असता मागच्या बाकावरून एक म्हातारे उठले आणि म्हणाले, "विहिरीच्या रहाटाचं पान राहिलं." तेव्हा वाचणे थांबवून तेथल्या तेथे ते पान घातले.